बाबासाहेबांची दोन घरे

या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र लिहावयास घेतले, तेव्हा आमच्यापुढे एक पेच उभा राहिला. महाडचा चवदार तळ्याचा संगर, नाशिकचा सत्याग्रह, घटनेचा मसुदा आणि नागपूरची दीक्षा या गोष्टी आपल्या घराघरांतील मुलांनाही मुखोद्गत आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्यात स्वारस्य ते काय? शिवाय ज्या पुरुषाने जातीचे निर्मूलन हेच जीवितकार्य मानले, त्याचे चरित्र जातीच्या नावाने चालणाऱ्या मंडळाने छापावे यात विसंगती आहे, हेही आम्ही जाणतो. ती मान्य करूनच पुढे लिहितो.

अलीकडे आपल्या सभासद कुटुंबांत एक नवा विषय निघू लागला आहे. कोणी निवृत्तीच्या पैशांतून करमाळ्यात प्लॉट घेतो, कोणी पुण्याकडे गुंठा-दोन गुंठे जागा पाहतो, कोणी बँकेचे कर्ज काढून एक खोली राहावयास आणि एक भाड्याने देण्यास बांधतो. या मंडळींना बाबासाहेबांच्या चरित्रातील एक बाजू बहुधा ठाऊक नसते. हा महापंडित स्वतःही एके काळी कर्ज काढून जागा घेणारा, एक घर राहण्यासाठी व दुसरे भाड्यासाठी बांधणारा लहानसा घरमालक होता. त्या व्यवहाराची हकीकत सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीस, तेथून साताऱ्यास आणि शेवटी मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एका खोलीत सर्व संसार होता. स्वयंपाक तेथेच, निजणे तेथेच, अभ्यासही तेथेच. मुलाने लवकर झोपावे, आपण जागे राहावे आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासासाठी उठवावे, असा सुभेदारांनी क्रम ठेविला होता. जागेची टंचाई वेळेच्या वाटणीने भरून काढण्याचा तो उपाय होता. पुढे हे कुटुंब परळलाच इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत गेले. परदेशातील वास्तव्य वगळता बाबासाहेबांची सुमारे दोन तपे त्याच चाळीशी बांधलेली होती. कोलंबियाची डॉक्टरेट, लंडनची डी. एससी. आणि बॅरिस्टरी मिळविलेला मनुष्य गिरणी कामगारांच्या शेजारी राहत होता.

या ट्रस्टविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या गल्ल्यांतून तो वणव्यासारखा पसरला. शहर मोकळे करावे म्हणून १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने एकीकडे कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या, तर दुसरीकडे दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून, रस्ते पाडून मध्यम वर्गासाठी प्लॉट तयार केले. दादरची हिंदू कॉलनी ही त्याच आखणीतील वसाहत होय. परळची चाळ आणि दादरचा प्लॉट ही एकाच योजनेची दोन टोके होती, आणि बाबासाहेबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास केला. अंतर म्हणाल तर थोडेच. त्यास लागलेला काळ मात्र पाहा.

मधल्या काळातील दोन अनुभव सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिला अनुभव बडोद्याचा. १९१७ साली परदेशातून परतल्यावर करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. गावात त्यांस कोणी खोली देईना. शेवटी एका पारशी वसतिगृहात, पारशी नाव धारण करून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्याच दिवशी जागा सोडण्यास त्यांस भाग पाडण्यात आले. ओळखीच्यांकडेही थारा मिळेना, तेव्हा त्यांनी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. खिशात पैसा होता, हाती पदवी होती, संस्थानची नोकरी होती. नव्हते ते एवढेच, की ज्याच्या दारातून कोणी उठवू शकणार नाही असे चार भिंतींचे घर. भाड्याच्या खोलीसाठी आजही ज्यांना आडनाव विचारले जाते, त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

दुसरा अनुभव त्याच सुमाराचा. मुंबईस येऊन त्यांनी शेअर आणि गुंतवणूक या विषयांवर सल्ला देण्याचा व्यवसाय काढिला. अर्थशास्त्राचा एवढा पंडित. तेव्हा सल्ल्यास तोटा नव्हता. प्रारंभी गिऱ्हाइके येऊ लागली. पुढे सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाइके नाहीशी झाली. व्यवसाय मिटवावा लागला. दुसऱ्याच्या विश्वासावर चालणारा धंदा आपल्या माणसास किती लवकर दगा देतो, हे त्यांनी त्या काळी पाहिले.

जमिनीचा विचार त्यांनी त्याआधीच आरंभिला होता. हिंदुस्थानातील लहान धारण क्षेत्रांवर त्यांनी १९१८ साली एक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. तुकडा लहान आहे एवढ्यावरून तो तोट्याचा ठरत नाही. त्या तुकड्यावर भांडवल किती, अवजारे किती आणि त्यावर पोट भरणारी माणसे किती, या प्रमाणावर त्याचा नफा-तोटा ठरतो, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. शेतीवरील जादा माणसांस उद्योगधंद्यांत काम मिळाल्याखेरीज नुसत्या जमिनी जोडून काही साधणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

करमाळा तालुक्यातील आपल्या वाडवडिलांना हे प्रमाण पोटाने ठाऊक होते. त्यांच्याकडे वतनाची जमीन होती, पण ती नावाची. सरकारी निरोप पोचविणे, गावाची राखण करणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीस राहणे या चाकरीच्या बदल्यात ती मिळालेली. वाटण्या होत होत एकेका घराच्या वाट्याला चतकोर तुकडाही येईना. ती जमीन विकून अन्यत्र जावे, तर तेही करता येत नव्हते. म्हणून कित्येक तरुण जेऊर स्टेशनावर गाडीत बसले आणि मुंबईच्या गिरण्यांत गेले. या वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणिले. ते पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला व पुढील वर्षी अमलात आला. तो पाहावयास बाबासाहेब नव्हते. त्या कायद्याने जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने. म्हणजे कलेक्टरच्या मंजुरीवाचून त्या विकता येऊ नयेत, अशा अटीवर. पुढे ही अट काही अंशी सैल झाली. तथापि सातबाऱ्यावरील शेरा न वाचता वतनी जमिनीचा व्यवहार करून पस्तावलेली कुटुंबे आपल्या पाहण्यात आहेत, हे येथे ओघाने नमूद करतो.

असो. आता मूळ विषयाकडे वळू. १९२० साली बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेली शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून उसनी घेतलेली रक्कम, एवढ्या बळावर ते गेले. १९२३ साली परतले तेव्हा डोक्यावर पदव्या होत्या आणि देणेही होते. वकिली लगेच चालली नाही. ज्यांना मोठी फी देणे परवडे, ते अस्पृश्य बॅरिस्टराकडे येत ना. जे येत, त्यांच्यापाशी फी नसे. तेव्हा वकिलीच्या जोडीस त्यांनी व्यापारी कायद्याच्या खासगी वर्गावर शिकविले, पुढे सरकारी लॉ कॉलेजात शिकविले, परीक्षकाचेही काम केले. अशा तीन-चार झऱ्यांचे पाणी एका हौदात साठवीत त्यांनी काही वर्षे काढिली. रमाबाईंनी त्या काळात संसार कसा रेटला, ते निराळे लिहावे लागेल.

१९३० साली त्यांनी हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले. एक पाचव्या गल्लीत, दुसरा तिसऱ्या गल्लीत. बांधकामासाठी बँकेचे कर्ज काढिले. पहिल्या प्लॉटवर स्वतःचे निवासस्थान व ग्रंथालय, दुसऱ्यावर भाड्याने देण्याची इमारत, अशी योजना होती. दुसऱ्या इमारतीचे भाडे कर्जफेडीस हातभार लावील, असा हिशेब. आजही आपल्यातील जाणता मनुष्य हाच हिशेब मांडतो. निवासस्थानास त्यांनी मगधाच्या प्राचीन राजधानीवरून राजगृह असे नाव दिले. भाड्याच्या इमारतीचे नाव चार मिनार.

हे सर्व कोणत्या दिवसांत चालले होते, ते ध्यानी घेतले पाहिजे. १९३० ते १९३२ या काळात गोलमेज परिषदेची तीन अधिवेशने झाली आणि तिन्हींसाठी ते लंडनला गेले. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. जगभर मंदी पसरली होती. एकीकडे कोट्यवधी माणसांच्या हक्कांचा वाद, दुसरीकडे दादरला विटा, चुना, मजुरी आणि बँकेचे व्याज. महिनोन्‌महिने मालक समुद्रापलीकडे असताना बांधकाम चालू ठेवणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने घर बांधिले आहे त्यालाच कळेल.

राजगृह १९३३ साली पुरे झाले. त्याची रचना पुस्तकांस केंद्रस्थानी धरून केलेली होती. वरच्या मजल्यावर ग्रंथालय. ग्रंथांच्या संख्येचा आकडा लोक पन्नास हजारांच्या घरात सांगतात. १९१७ साली विलायतेहून येताना त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या ज्या जहाजावर होत्या ते जर्मन पाणबुडीने बुडविले होते. त्यानंतर जमविलेल्या पुस्तकांना पक्क्या छपराखाली जागा मिळाली ती येथे. रमाबाईंना मात्र या घराचे सुख फार लाभले नाही. दोन खोल्यांत उमर काढलेली ही माउली २७ मे १९३५ रोजी राजगृहातच निवर्तली.

चार मिनारची कथा थोडक्यात आटोपते. भाड्याचा हिशेब कागदावर जुळला तसा प्रत्यक्षात पुरा जुळला नाही. त्याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. घरमालकाने भाडेकरूंच्या मागे लागावे, रंग-डागडुजी पाहावी आणि वकिली वाढवावी, तर भाड्याचे घर फळास येते. येथे मालक आज सभेस, उद्या कायदेमंडळात, परवा दौऱ्यावर. पक्ष चालविणे, वर्तमानपत्र चालविणे आणि ग्रंथ विकत घेणे, या तिन्हींत पैसा जातो, येत नाही. कर्जाचा बोजा राहिला, पुस्तकांची खरेदी थांबली नाही. शेवटी १९४१ साली त्यांनी चार मिनार विकून टाकिली. देणी भागविली आणि ग्रंथसंग्रहास पैसा लाविला.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, उत्पन्न देणारी इमारत विकली आणि खर्च मागणारी ठेविली, हा उफराटा व्यवहार झाला. दादरची ती जागा आज कितीची असती, असा त्रैराशिकाचा हिशेबही एकदा एका बैठकीत आम्ही ऐकला आहे. आमचे मत निराळे आहे. दोन घरांपैकी कोणते कशासाठी आहे, हे बाबासाहेबांच्या मनात पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. चार मिनार हे साधन होते. राजगृह ज्यासाठी उभे करावयाचे, ते ग्रंथ हे साध्य होते. साधन ओझे होऊ लागताच त्यांनी ते उतरविले. प्रतिष्ठेसाठी कवटाळून बसले नाहीत आणि त्यापायी राजगृहही गहाण पडू दिले नाही. कर्जावर घेतलेल्या तीन प्लॉटांतील एकही सोडवत नाही म्हणून राहते घर घालवून बसलेला एक गृहस्थ आमच्या परिचयात आहे. त्याला हे उदाहरण वेळीच कोणी सांगितले नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

स्वतःसाठी त्यांनी पुढे फारसा जमीनजुमला केला नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय निघाले. तेव्हा जागा पाहणे, इमारतींचे नकाशे तपासणे, झाडे कोठे लावावीत ते सांगणे, हा व्याप त्यांनी आनंदाने सांभाळिला. आपल्या जिल्ह्याचा त्यातील भाग जुना आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढिले होते, आणि ज्यांना गावात कोणी खोली देत नसे, अशी मुले तेथे राहून शिकली.

१९४२ नंतर बाबासाहेबांचे वास्तव्य बहुतेक दिल्लीस झाले. मंत्रिपद होते तोवर सरकारी बंगला होता. १९५१ साली राजीनामा दिल्यावर ते अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात भाडेकरू म्हणून राहू लागले. तेथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या रात्री पार्थिव विमानाने मुंबईस आणिले आणि ७ डिसेंबरच्या पहाटे ते राजगृहात ठेविले. पाचव्या गल्लीपासून दूरवर माणसांची रांग उभी होती.