माधवराव सप्रे : अर्धवट सुटलेले शिक्षण आणि नाकारलेली नोकरी

छत्तीसगडमधील हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे माधवराव सप्रे हे मराठी भाषिक होते. त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. बिलासपूरनंतर ते रायपूरच्या शाळेत आले. तेथील शिक्षक नंदलाल दुबे यांच्या सहवासात त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली.

मॅट्रिकनंतर त्यांनी जबलपूरच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. मात्र ते शिक्षण अर्धवट राहिले. काही काळ त्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्याची ठेकेदारी करून पाहिली, पण त्यात जम बसला नाही. संसाराची जबाबदारी असतानाही त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली. ग्वाल्हेर येथे ते एफ.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. मध्य प्रांताला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले.

एवढ्या खटपटीने मिळालेली पदवी सरकारी नोकरीसाठी पुरेशी होती. सप्रे यांनी मात्र ती वाट नाकारली. पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम करीत असताना त्यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगड मित्र' हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. हिंदी मासिकामागे उभी राहिलेली ही तिन्ही नावे मराठी आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आर्थिक अडचणींमुळे मासिक तीन वर्षांतच बंद पडले. १९०१ साली त्यातच प्रसिद्ध झालेली सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा काही अभ्यासक हिंदीतील पहिली लघुकथा मानतात.

१९०७ साली लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'चे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला. पुढील वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहामुळे त्यांनी माफीनामा दिला व त्यांची सुटका झाली. परंतु हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. सार्वजनिक जीवनातून दूर होऊन ते समर्थ रामदासांच्या वाङ्मयाकडे वळले. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.