विश्लेषण : गर्भवतींच्या लाल गोळीमागे मुंबईतले संशोधन… लुसी विल्स यांनी रक्तक्षयाचे कोडे कसे सोडवले?

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या गर्भवतीला लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी दिली जाते. यातील फॉलिक ॲसिडचा शोध ज्या संशोधनातून पुढे आला, त्याची सुरुवात सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत झाली. ते करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर म्हणजे लुसी विल्स.

लुसी विल्स कोण होत्या?

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे काही काळ रुग्णसेवा केल्यानंतर त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या. लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळेतील काम निवडले.

मुंबईत कशासाठी आल्या?

मुंबईत अनेक गर्भवती तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. त्याचे कारण शोधण्यासाठी १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. पुढे कुन्नूर आणि मद्रास येथेही त्यांनी हे संशोधन केले. सुरुवातीला त्यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली, पण तसा पुरावा मिळाला नाही. मग त्यांनी स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्या गरीब स्त्रियांमध्येच हा आजार अधिक असल्याचे त्यांना आढळले.

या रक्तक्षयात वेगळे काय होते?

तांबड्या रक्तपेशी हिमोग्लोबिनच्या साहाय्याने फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचवतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येकाला प्राणवायूचा एक रेणू जोडला जातो. लोह कमी पडले की पेशी लहान आणि फिकट होतात. विल्स यांच्या रुग्णांचे चित्र याच्या उलट होते. त्यांच्या रक्तातील पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार कमी होत्या.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार कराव्या लागतात. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. ते नसेल तर पेशी वाढते, पण वेळेवर विभागली जात नाही. गर्भाच्या वाढीमुळे आईची ही गरज आणखी वाढते. अर्थात, हे सारे पुढे उलगडले. विल्स यांच्या काळात या जीवनसत्त्वाला नावही नव्हते.

उपाय कसा सापडला?

पर्निशियस ॲनिमिया या अशाच दिसणाऱ्या आजारावर तेव्हा यकृताचा अर्क देत. विल्स यांच्या रुग्णांना अशुद्ध अर्काने गुण येई, शुद्ध केलेल्या अर्काने मात्र येत नसे. म्हणजे शुद्धीकरणात निघून जाणारा कोणता तरी वेगळा घटक या स्त्रियांना हवा होता. माकडांवरील प्रयोगांत तो मार्माइटमध्ये, म्हणजे बीअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टच्या स्वस्त अर्कात, असल्याचे दिसले. तो दिल्यावर गर्भवतींची प्रकृतीही झपाट्याने सुधारली. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले.

पुढे काय झाले?

१९४१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा केला. पानासाठीच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. काही वर्षांतच तो प्रयोगशाळेत तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व लेडर्ली प्रयोगशाळेतील भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले. विल्स लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून १९४७ मध्ये निवृत्त झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

या संशोधनाचे आज महत्त्व काय?

गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूतील गंभीर जन्मदोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. भारतात ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गर्भवतींना ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी किमान १८० दिवस रोज दिली जाते. लोहाने हिमोग्लोबिन तयार होते, तर फॉलिक ॲसिडमुळे ते वाहून नेणाऱ्या पेशी तयार होतात. म्हणूनच एका गोळीत दोन्ही असतात.