थॉमस मोर : मोजक्या कायद्यांच्या समाजाचे चित्र रेखाटणारे न्यायाधिकारी

लंडनमधील वकिलाच्या घरात १४७८ मध्ये जन्मलेले सर थॉमस मोर हे स्वतःही ख्यातनाम विधिज्ञ होते. १५१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युटोपिया’ या लॅटिन ग्रंथात त्यांनी खासगी मालमत्ता नसलेल्या बेटाचे चित्र रेखाटले. सर्व संपत्ती सामायिक असल्याने तेथे कायदे मोजके व सर्वांना समजतील असे होते. वकिलांना थारा नव्हता. नागरिक आपली बाजू स्वतःच न्यायाधीशापुढे मांडत. उपासमारीवर उपाय न करता चोरांना फाशी देणाऱ्या तत्कालीन इंग्लंडवरही ग्रंथात कठोर टीका होती.

१५२९ मध्ये राजा आठव्या हेन्रीने त्यांना लॉर्ड चॅन्सेलरपदी नेमले. ग्रंथात धार्मिक सहिष्णुता रंगविणाऱ्या मोर यांच्याच कार्यकाळात धर्मद्रोहाच्या आरोपावरून काही जणांना जिवंत जाळण्यात आले. १५३२ मध्ये त्यांनी पदत्याग केला. राजाचे चर्चवरील सर्वोच्च स्थान मान्य न केल्याने नव्या राजद्रोह कायद्यान्वये त्यांच्यावर खटला चालला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. सत्तेच्या सोयीसाठी घडविलेला कायदा न्यायापासून किती दूर जातो, याची साक्ष त्यांचे जीवन आणि मृत्यू दोन्ही देतात.