जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४० - २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले पशुवैद्य व संशोधक होते. हवा भरलेला रबरी टायर सायकलीच्या चाकावर बसवून तो प्रत्यक्ष वापरात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८८८ साली त्यांना या टायरचे पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी बेलफास्ट येथील शर्यतींत या टायरमुळे सायकलस्वाराचा वेग स्पष्टपणे वाढतो हे दिसून आले. मूळ कल्पना मात्र रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी चार दशकांपूर्वीच मांडलेली असल्याने डनलॉप यांचे पेटंट रद्दबातल ठरले. त्यांच्या नावाची कंपनी जगभर पसरली, तरी तिच्या भरभराटीचा फारसा आर्थिक लाभ त्यांना झाला नाही.

जन्म व शिक्षण

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथील डिक पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पशुवैद्य झाले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये व्यवसाय केल्यानंतर १८६७ साली ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक येथे गेले. तेथे त्यांनी आपले बंधू जेम्स यांच्यासह पशुचिकित्सालय चालवले. नंतर त्यांनी बेलफास्ट शहरात स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. घोडा हेच त्या काळी वाहतुकीचे मुख्य साधन असल्याने पशुवैद्याला कामाची उणीव नसे. डनलॉप यांचा दवाखाना अल्पावधीतच आयर्लंडमधील मोठ्या पशुचिकित्सालयांत गणला जाऊ लागला.

टायरची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलीची रचना झपाट्याने बदलत होती. सुरुवातीच्या सायकलींची चाके लाकडी असून त्यांवर लोखंडी धाव चढवलेली असे. त्यानंतर तारांचे आरे असलेली चाके आणि भरीव रबराचे टायर आले. पुढचे चाक फार मोठे आणि मागचे लहान अशा उंच सायकलींचा त्या काळी प्रसार होता. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते व पायट्याच्या एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, हे त्यामागील कारण होते. मात्र एवढ्या उंचीवरून पडणे धोक्याचे असे. १८८५ च्या सुमारास साखळीवर चालणारी, दोन सारख्या आकाराच्या चाकांची सायकल पुढे आली. ती अधिक सुरक्षित होती, परंतु चाके लहान झाल्यामुळे रस्त्याचे धक्के अधिक जाणवू लागले. चाकाचा आकार न वाढवता हे धक्के कमी कसे करावेत, हा प्रश्न अनुत्तरित होता.

अंगणातील प्रयोग

डनलॉप यांच्या लहान मुलाकडे तीनचाकी सायकल होती. बेलफास्टच्या दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर भरीव टायरची ही सायकल चालवताना त्याला फार हादरे बसत. १८८७ साली डनलॉप यांनी यावर उपाय शोधण्यास सुरुवात केली. पातळ रबराची नळी तयार करून ती त्यांनी एका लाकडी चकतीच्या कडेभोवती कापडी पट्टीने घट्ट बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

त्यानंतर त्यांनी केलेली चाचणी साधी पण निर्णायक होती. तीनचाकीचे भरीव टायर असलेले चाक आणि ही हवा भरलेली चकती त्यांनी अंगणात सारख्याच जोराने आळीपाळीने लोटून पाहिली. भरीव टायरचे चाक थोडे अंतर जाऊन आडवे पडले. चकती मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि दारावर आपटून मागे फिरली. धक्के कमी करण्यासाठी योजलेला हा उपाय चाकाची गतीही अधिक काळ टिकवून धरतो, हे त्यावरून दिसून आले. येथे स्वाराचे बळ, कौशल्य किंवा उत्साह यांचा प्रश्नच नव्हता. फरक केवळ चाकाचा होता.

फेब्रुवारी १८८८ मध्ये अशा टायरची चाके मुलाच्या तीनचाकीला बसवण्यात आली. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते मंजूर झाले. बेलफास्ट येथील एडलिन या कारखान्याने हवेच्या टायरसाठी योग्य अशा सायकली बनवण्यास प्रारंभ केला.

शर्यतींतील कसोटी

बेलफास्ट क्रूझर्स या सायकल मंडळाचे कप्तान विल्यम ह्यूम यांनी हवेच्या टायरची सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावरील शर्यतींत ते तिच्यासह उतरले. जाडजूड टायरची ती सायकल पाहून प्रेक्षकांना हसू आले. ह्यूम यांनी मात्र भरीव टायरवरील स्पर्धकांना मागे टाकत त्या दिवशीच्या शर्यती जिंकल्या. पराभूत झालेल्यांत डब्लिनचे कागद व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगेही होते. त्यानंतर लिव्हरपूल येथेही ह्यूम यांना असेच यश मिळाले.

पुढील दोन-तीन वर्षांत शर्यतींच्या सायकलींवरून भरीव टायर जवळपास हद्दपार झाला. १८९१ साली फ्रान्समध्ये झालेली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यांनी मिशलँ बंधूंच्या हवेच्या टायरवर जिंकली. वाटेत पंक्चर होऊनही त्यांनी कित्येक तासांची आघाडी राखली.

कंपनी व पेटंटचा वाद

मुलांच्या पराभवामुळे हार्वे ड्यू क्रॉस यांचे लक्ष या टायरकडे वेधले गेले. नोव्हेंबर १८८९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डब्लिन येथे कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले पेटंट या कंपनीच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात त्यांना कंपनीचे समभाग मिळाले.

पुढच्याच वर्षी, १८९० साली, हे पेटंट ग्राह्य नसल्याचे डनलॉप यांना कळवण्यात आले. स्कॉटलंडचेच रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. त्यांनी घोडागाडीच्या चाकांवर त्याचे प्रयोगही केले होते. मात्र त्या काळी सायकल प्रचारात आली नव्हती आणि रबर महाग होते, त्यामुळे तो शोध विस्मरणात गेला. डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती. तथापि पेटंटच्या कायद्यानुसार आधीची नोंद निर्णायक ठरली.

मूळ पेटंट गेल्यावर कंपनीने टायर रिमवर बसवण्याच्या आणि काढण्याच्या पद्धतींची इतरांची पेटंटे विकत घेतली. त्यांत चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांचे तारेच्या कडेचा टायर आणि त्याला साजेशी रिम यांविषयीचे पेटंट महत्त्वाचे होते. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला असल्याने पंक्चर काढणे किचकट असे. नव्या पद्धतीमुळे सामान्य सायकलस्वारालाही वाटेत टायर उतरवून ट्यूब दुरुस्त करणे शक्य झाले. हवेचा टायर शर्यतीच्या मैदानावरून रोजच्या रस्त्यावर येण्यास ही सुधारणा कारणीभूत ठरली.

१८९५ च्या सुमारास डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. १८९६ साली ड्यू क्रॉस यांनी ती ३० लाख पौंडांना विकली आणि नव्या मालकांनी ५० लाख पौंडांच्या भांडवलावर ती पुन्हा उभी केली. याच सुमारास कंपनीच्या नावात डनलॉप हे नाव ठळकपणे आले. ज्यांच्या नावावर ती ओळखली जाऊ लागली, त्यांचा मात्र तिच्या कारभाराशी संबंध उरलेला नव्हता.

चाकाची रचना आणि वेग

भरीव टायरचे चाक लहानशा दगडावर चढते तेव्हा सायकल आणि स्वार या दोघांचेही वजन उचलले जाते. प्रत्येक धक्क्यात पुढे जाण्याची काही शक्ती वाया जाते. हवेचा टायर दगडाच्या जागी तेवढाच दबतो व पुन्हा फुगतो. त्यामुळे चाक फारसे उचलले जात नाही आणि गती टिकते. मऊ जमिनीवर रुंद टायर कमी रुततो, हाही त्याचा फायदा आहे. खडबडीत रस्त्यांच्या त्या काळात हा लाभ इतका मोठा होता, की तो घड्याळाशिवायही दिसत असे.

रस्त्याचा विरोध कमी झाल्यावर हवेचा विरोध हा पुढचा अडथळा उरला. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी आठपट शक्ती लागते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस हवा सहज कापली जावी म्हणून उंच रिमची व बंद चकतीसारखी चाके वापरात आली. फ्रान्सेस्को मोझेर यांनी १९८४ साली मेक्सिको सिटी येथे चकतीच्या चाकांवर एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. एडी मेर्क्स यांचा त्याच शहरातील १९७२ चा विक्रम ४९.४३१ किलोमीटरचा होता. मोझेर यांच्या सायकलीची एकूण घडण आणि त्यांची बसण्याची पद्धतही वेगळी होती, त्यामुळे हा सर्व फरक चाकांचा मानता येत नाही.

हवेच्या विरोधाचा मोठा भाग स्वाराच्या शरीरामुळे निर्माण होतो. चाकांचा वाटा त्या मानाने लहान असतो. एखाद्या चाकामुळे एकूण हवेचा विरोध ३ टक्क्यांनी घटला, तर तेवढ्याच शक्तीत वेग सुमारे १ टक्क्याने वाढतो. एका तासाच्या शर्यतीत ही बचत सुमारे ३६ सेकंदांची होते. शर्यतीत तेवढ्यावर निकाल फिरू शकतो, परंतु ताशी १५ किलोमीटरने शाळेत किंवा बाजारात जाणाऱ्या स्वाराला तो फरक जाणवणार नाही. डनलॉप यांच्या टायरचा फरक मात्र विजेत्यापासून शाळकरी मुलापर्यंत प्रत्येकाला जाणवला. नंतरच्या सुधारणांपासून तो या बाबतीत वेगळा ठरतो.

भारत आणि महाराष्ट्र

डनलॉप यांनी पेटंट घेतले त्याच वर्षी, १८८८ साली, बेळगाव येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामचंद्र यांच्या सायकल व्यवसायाचा आरंभ मानला जातो. किर्लोस्कर उद्योगसमूहाचा उगम याच दुकानात आहे. १९२३ साली मुंबईतील पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले आणि त्यांपैकी तिघांनी १९२८ साली तो पूर्ण केला. पुणे शहर तर अनेक दशके सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते. डनलॉप कंपनीचा भारतातील टायर कारखाना १९३६ साली बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे सुरू झाला.

ग्रामीण भागात या शोधाचा उपयोग सायकलीपुरता मर्यादित राहिला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या काळ्या जमिनीच्या व कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात लाकडी चाकांवर लोखंडी धाव असलेली बैलगाडी हे वाहतुकीचे प्रमुख साधन होते. अरुंद धाव ओल्या मातीत रुतते आणि बैलांना अधिक ओढावे लागते. हवेच्या टायरची बैलगाडी त्या मानाने हलकी चालते. बाभळीच्या काट्याने होणारे पंक्चर ही मात्र तिची आणि सायकलीची समान अडचण राहिली. एका पशुवैद्याने मुलाच्या सायकलीसाठी योजलेला टायर अशा रीतीने ओझे ओढणाऱ्या जनावरांनाही उपयोगी पडला.

मृत्यू व स्मृती

डनलॉप यांचे उत्तरायुष्य डब्लिन येथे गेले. तेथे ते एका कापड दुकानाच्या व्यवसायाशी संबंधित होते. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. डीन्स ग्रेंज येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. हवेच्या टायरचा त्यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. महाराष्ट्रात डनलॉप हे नाव टायरइतकेच फोम रबराच्या गादीमुळेही घरोघरी परिचित झाले.