शिंप्याच्या पोराचं गणित आज मोटरचा बिघाड शोधतंय

कारखान्यातली मोटर थरथरायला लागली, की हल्ली ती लगेच उघडत नाहीत. सेन्सर लावतात, आलेख बघतात आणि दोषाचा अंदाज बांधतात. यामागचं गणित मांडणारा माणूस १८३० सालीच वारला. त्याचं नाव जोसेफ फूरिये.

१७६८ साली फ्रान्सच्या ओसेर गावात एका शिंप्याच्या घरी तो जन्मला. लहानपणीच आईवडील गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ ला तुरुंगात पडला. रोबेस्पिएरची सत्ता गेली आणि हा वाचला. १७९८ ला नेपोलियनच्या मोहिमेत इजिप्तला गेला. परतल्यावर ग्रेनोबलला प्रशासक झाला आणि कारभार सांभाळून उष्णता कशी पसरते याचं गणित सोडवत बसला.

१८०७ ला त्यानं निबंध मांडला. कितीही वेडावाकडा आलेख साध्या लाटांची बेरीज करून मिळतो, असा त्याचा दावा होता. लाग्रांजसारख्या दिग्गजाला तो पटला नाही. पुढं बक्षीस मिळालं, पण मांडणी काटेकोर नाही असा शेरा मारूनच. १८२२ ला अखेर पुस्तक आलं.

आज मोटरच्या थरथरीची तशीच फोड करतात. मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४. आलेखात २४ हर्ट्झला उंच टोक दिसलं, तर रोटरचा तोल बिघडल्याचा संशय. ४८ ला दिसलं, तर बहुतेकदा कपलिंगची अलाइनमेंट चुकलेली. बेअरिंग खराब असेल, तर टोकं या पटीत न बसणाऱ्या जागी उमटतात.

फूरियेच्या हयातीत विजेवर एकही कारखाना चालत नव्हता. तरी मोटर जळण्याआधीच दोष पकडला जातो, तो त्याच्याच गणितामुळं.