लोककवी वामनदादा कर्डक : वस्तीचे मास्तर

भीमजयंती असो की बुद्धपौर्णिमा, वामनदादांचे गाणे झाल्याशिवाय आपल्या वस्तीत कार्यक्रमाला रंग चढत नाही. पण गाणे कुणाचे, असे एखाद्या पोराला विचारा, तो गायकाचे नाव सांगतो. लिहिणारा राहतो बाजूला. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही दादांच्या जीवनाची उजळणी करीत आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. गुरे राखायची, लाकूडफाटा आणायचा, यातच बालपण गेले. शाळा नाही. त्या काळी आपल्या पोरांना शाळा होतीच कुठे!

पुढे आईबरोबर ते मुंबईला आले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, मिळेल ते काम केले. तिथे एक प्रसंग घडला. चाळीतल्या एका माणसाने आपले पत्र वाचायला त्यांच्या हातात दिले. अंगापिंडाने चांगला तरुण गडी, त्याला वाचता येत असेल असे त्या बिचाऱ्याला वाटले. वामनला एक अक्षर कळेना. त्यांना रडू कोसळले. ज्याला दुसऱ्याच्या हातून पत्र वाचून घ्यावे लागले असेल, त्यालाच ते रडू समजेल. समता सैनिक दलात देहलवी नावाचे मास्तर येत. त्यांनी या वाढलेल्या विद्यार्थ्याला मुळाक्षरे शिकवली. पुढचा अभ्यास दादांनी रस्त्यावर केला, दुकानांच्या पाट्या वाचत, अक्षराला अक्षर लावत. आम्हीही शाळेपेक्षा बाहेरच जास्त शिकलो, त्यामुळे ही शाळा आमच्या ओळखीची आहे.

३ मे १९४३ ला त्यांनी पहिले गाणे रचले. ते होते एका हिंदी गाण्याचे विडंबन. तिथून जी लेखणी चालली ती साठ वर्षे थांबली नाही. घरात मात्र दुःख फार. पहिली बायको अनुसया सोडून गेली, लेक मीरा लहानपणीच वारली. पुढे शांताबाईंनी साथ दिली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. ग्रंथ वाचणारे किती होते? खेड्यापाड्यात बाबासाहेबांचा विचार आणि बुद्धाचा धम्म पोचवला तो शाहिरांनी, गायन पार्ट्यांनी. त्यात दादा पुढे. लावणीची चाल असो, कव्वालीची असो की सिनेमाची, माणसांना जी ओळखीची ती त्यांनी घेतली आणि तिच्यात विचार भरला. आमच्या आया-मावश्या दळताना, निवडताना ती गाणी म्हणत. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे मास्तर दादाच.

'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या चित्रपटात त्यांचे गीत गाजले. सिनेमात रमले असते तर चार पैसे गाठीला लागले असते. दादा गावोगाव फिरत राहिले. १९७३ साली 'वाटचाल' आणि १९७६ साली 'मोहोळ' हे गीतसंग्रह निघाले. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पत्र वाचता न येणारा माणूस साहित्यिकांच्या अध्यक्षस्थानी!

१५ मे २००४ रोजी दादा गेले. त्या दुःखातून समाज सावरतो न सावरतो तोच २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. सव्वा महिन्यात एक लेखणी गेली आणि एक गळा गेला. अनित्यता आपण वंदनेला बसतो तेव्हा ऐकतो, तरी त्या दिवसांत घराघरात टेप लावला की बायामाणसांचे डोळे भरून येत.

आम्हाला एका गोष्टीचा राग येतो, तो इथे मांडतो. दादांच्या बहुतेक गाण्यांत शेवटच्या अंतऱ्यात वामन हे नाव येते. ती त्यांची सही. हल्ली मिरवणुकीत दोन अंतरे वाजले की पोरं पुढचे गाणे लावतात, आणि नाव नेमके राहून जाते. स्टेजवरचे काही गायकही वेळ नाही म्हणून शेवटचा अंतरा गाळतात. मग पोरांना नाव कळणार कुठून? वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दादांची जी गाणी होतील ती पूर्ण व्हावीत, असे आम्ही विहार कमिटीला सांगितले आहे. दोन कमी झाली तरी चालतील.