गणिताचार्य महावीराचार्य

आपल्या नाणे मावळातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक प्राचीन लेणे आहे. अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा ब्राह्मी लिपीतील शिलालेख तेथे कोरलेला असून, लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे सह्याद्रीच्या या खोऱ्यांत जिनशासन किती पूर्वी रुजले होते, याची साक्षच होय. पुढे नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या छत्राखाली दख्खनमध्ये जैन विद्येला मोठा बहर आला. वेरूळच्या जैन लेण्यांच्या रूपाने त्या बहराचे एक अंग आपण पाहतो. दुसरे अंग ग्रंथांत आहे आणि ते आपल्या फारसे परिचयाचे नाही.

त्या ग्रंथकारांपैकी एक म्हणजे महावीराचार्य. नामसादृश्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून प्रारंभीच सांगितले पाहिजे की, हे भगवान महावीर नव्हेत. भगवंतांच्या निर्वाणानंतर तेराशेहून अधिक वर्षांनी होऊन गेलेले हे दिगंबर परंपरेतील गणिती. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ. स. ८१४ ते ८७८) यांच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत पद्यग्रंथ रचला. अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आदिपुराणकर्ते आचार्य जिनसेन हे या राजाचे गुरू. अशा विद्याप्रेमी राजाची स्तुती महावीराचार्यांनी ग्रंथारंभी केली आहे. स्वतःच्या कुळाविषयी मात्र ते मौन पाळतात. त्यांचे चरित्र शोधायचे ते त्यांच्या ग्रंथातच.

ग्रंथाची नऊ प्रकरणे आणि अकराशेहून अधिक श्लोक. तोवर आपल्याकडे गणित बहुधा ज्योतिषग्रंथांतील एखाद्या अध्यायापुरते येत असे. महावीराचार्यांनी ज्योतिष बाजूला ठेवून केवळ गणितालाच संपूर्ण ग्रंथ वाहिला. गणित कोठे लागते, हे सांगताना त्यांनी अर्थशास्त्र, संगीत, नाट्य, वैद्यक, वास्तुविद्या यांच्याबरोबर पाकशास्त्रही घेतले आहे. मिश्रक प्रकरणात मुद्दल व व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी, सोन्याचा कस यांची उदाहरणे आहेत. आपल्यासारख्या व्यापारी समाजाला हे प्रकरण घरचेच वाटावे!

दहावीच्या बीजगणितात आपली मुले वर्गसमीकरण सूत्राने सोडवतात. तोच विषय आचार्यांनी अत्यंत रसाळ उदाहरणांतून मांडला. त्यांचे उंटांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कळपाचा चौथा हिस्सा वनात दिसला, कळपाच्या वर्गमुळाची दुप्पट इतके उंट डोंगरउतारावर गेले, उरलेले पंधरा नदीकाठी आहेत. तर एकूण उंट किती? आजच्या रीतीने कळपाचे वर्गमूळ अज्ञात मानू. मग त्या अज्ञाताच्या वर्गाचा पाऊण भाग हा अज्ञाताची दुप्पट आणि १५ यांच्या बेरजेइतका येतो. सर्वत्र ४ ने गुणले की वर्गाची तिप्पट ही अज्ञाताची आठपट अधिक ६० इतकी होते. सूत्रातील विवेचक ६४ अधिक ७२०, म्हणजे ७८४. त्याचे वर्गमूळ २८. आठ व अठ्ठावीस मिळून ३६, त्यास ६ ने भागले की अज्ञात ६ आणि कळप ३६ उंटांचा. ताळा पाहावा: वनात ९, डोंगरावर १२, नदीकाठी १५.

काही समीकरणांना दोन उत्तरे असतात, हेही त्यांनी ओळखले होते. संख्येच्या दोन अंशांचा गुणाकार संख्येतून वजा होतो, अशा प्रकारासाठी त्यांचा नियम वर्गमूळ मिळवायलाही सांगतो आणि वजा करायलाही. हे समजण्यासाठी एक साधे उदाहरण आम्हीच बेततो. पक्ष्यांच्या थव्याचा चौथा हिस्सा त्याच हिश्श्याने गुणावा. तितके पक्षी उडून गेले व तीन उरले. थवा बाराचा असेल तर नऊ उडाले, चारचा असेल तर एक उडाला. दोन्ही वेळा उरले तीनच. दोन्ही उत्तरे खरी आहेत. एकांतवादाला नकार देणाऱ्या परंपरेतील वाचकाला येथे क्षणभर हसू आल्यास नवल नाही. तसेच, ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नसते, असेही त्यांनी निःसंदिग्धपणे नोंदवले.

हे सूत्र महावीराचार्यांनीच शोधले, असे अभिमानाने सांगण्याचा मोह आपल्याला होतो. ते यथार्थ नाही. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्येच वर्गसमीकरणाचा नियम दिला होता. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात नियम उद्धृत केला तो श्रीधराचार्यांचा. शिवाय शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, हे महावीराचार्यांचे विधान तर चुकीचेच आहे. पण त्यांनी स्वतः कोठे मोठेपणा मिरवला? पूर्वसूरींच्या ज्ञानसागरातून वेचलेले सार, असेच ते आपल्या ग्रंथाविषयी सांगतात, आणि नावातही ‘संग्रह’ हाच शब्द ठेवतात. खोटे श्रेय त्यांच्या माथी मारणे हा त्यांच्याच सत्यव्रताचा अवमान ठरेल. त्यांचे खरे श्रेय मांडणीत आहे, उदाहरणांच्या विपुलतेत आहे आणि दुसऱ्या उत्तराची दखल घेण्यात आहे.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. पुढे १९१२ मध्ये मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी मूळ संहिता इंग्रजी भाषांतरासह छापली. आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला. उंटांचा तो कळप त्यातील प्रकीर्णक प्रकरणात आहे.